सूर्य आडवा येतो तेव्हा

मल्हारीअण्णा कुणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडं बघत नाहीत, आग्नेयेकडं बघतात. अंगणात उभं राहून, एक डोळा बारीक करून ते आभाळाचा एक ठरावीक तुकडा न्याहाळतात. तिथं काही आड नसलं तर चेहरा खुलतो आणि मग ‘बरं हाय का समदं?’ अशी चौकशी होते. चिंच, पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याचा माळा आड आला असेल, तर रामराम जरा पडेल आवाजात होतो. मयताच्या घरीसुद्धा मी त्यांना असं करताना पाहिलंय. आधी आग्नेय, मग डोळ्यांना उपरणं.

सरकारी वाहिन्यांचा उपग्रह तिथं आहे, म्हणून. महिन्याला काही भरायचं नाही, छत्री लावायची, डबा जोडायचा आणि बघत बसायचं. अशी छत्री लावण्यात आमच्या कर्नाटकाच्या सीमाभागात, मादन हिप्परग्यापासून आळंदपर्यंत, अण्णांचा हात धरणारा नाही. मात्र त्यांच्यासमोर तिला फुकटची छत्री म्हणायचं नाही. एकदा माझ्या आईच्या तोंडून निघून गेलं, तर अण्णा अर्धं चढलेली शिडी उतरून खाली आले आणि म्हणाले, “फुकट न्हाई वैनी, हक्काची. आभाळ कुणाच्या बापाचं न्हाई.” मग पुन्हा चढले. ‘फुकट’ या शब्दाचा त्यांना एवढा राग का, हे मला पुढं कळलं.

अण्णांचं शिक्षण चौथी. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन फिरायचे, चांदणी बघून रान बदलायचे. अण्णांकडं मेंढरं राहिली नाहीत, दोन एकर तूर आहे. पण वर बघायची खोड काही गेली नाही. छत्री मोटारसायकलला मागं बांधून ते निघाले की लांबून मोठं कासव चाललंय असं वाटतं. पिशवीत नट आवळायचे दोन पाने, पक्कड, वायरीचं भेंडोळं आणि गवंड्याचा ओळंबा. खांब ओळंब्यात बसल्याशिवाय ते छत्रीला हात लावत नाहीत आणि चित्र आल्याशिवाय चहाला.

छत्री फिरवताना घरातल्या एकाला टीव्हीसमोर बसून आकडे सांगायचे असतात. अण्णा माळवदावरून, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावरून, ओरडतात. मराठी घर असेल तर ‘किती?’, कन्नड घर असेल तर ‘एष्टु?’ आणि दर्ग्याच्या गल्लीत ‘कित्ता?’ पडद्यावर दोन पट्ट्या येतात, एक स्ट्रेंथची, एक क्वालिटीची. नवखा माणूस हौसेनं पहिली पट्टी वाचतो, “अण्णा, पंच्याऐंशी!” वरून उत्तर येतं, “ती सोड. स्ट्रेंथ भिंतीला बी असतीय. क्वालिटी सांग.”

हेच माप ते माणसांना लावतात. पंचायतीच्या निवडणुकीत एक उमेदवार दहा जीपगाड्या घेऊन आला, तेव्हा पारावर बसलेल्या अण्णांनी एवढंच म्हटलं, “स्ट्रेंथ लई हाय.” पुढचं गावानं ओळखलं. मी बी.एस्सी. झाले, आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली, तेव्हा आईनं गल्लीभर पेढे वाटले. अण्णांनी पेढा हातात धरून मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “पोरीला क्वालिटी हाय.” विद्यापीठाच्या कागदापेक्षा मला ते जास्त वाटलं, हे लपवत नाही.

लेकीसाठी चिटगुप्प्याचं स्थळ बघायला गेले, तर व्याह्यांना पहिला प्रश्न विचारला, “तुमच्या आग्नेयेला काय हाय?” त्या गरीब माणसाला वाटलं, पाहुणे वास्तुशास्त्रवाले आहेत. तो घाबरून म्हणाला, “मोरी हाय, पण हलवू की.” अण्णा माळवदावर जाऊन आले आणि आभाळ साफ आहे, पोरगी द्यायला हरकत नाही असं सांगून टाकलं. जावई बरा निघाला, हे देवाचं काम.

पदवीचा माज मलाही थोडा चढला होता. आमच्या घराची छत्री मीच लावणार म्हणून हट्ट धरला. मोबाइलवर होकायंत्र उघडलं, अंश काढले, कोन मोजला. अण्णा माळवदाच्या कट्ट्यावर तंबाखू मळत बसले. सकाळची दुपार झाली, आई खालून ‘शून्य, शून्य’ म्हणून दमली. शेवटी अण्णांनी तंबाखू झटकली.

“तू उभी कशावर हाईस?”

“जिन्यावरच्या पत्र्यावर.”

“लोखंडाच्या पत्र्यावर तुझं मशीन दिशा दावंल व्हय? माझ्या म्हशीला विचारलीस तर ती बरी सांगंल.”

मग सावली बघून त्यांनी छत्री वीतभर सरकवली आणि खालून आईचा आवाज आला, “बाई दिसायलीय, भाजी करायलीय!” लोखंडाजवळ होकायंत्र बिघडतं हे मी पुस्तकात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पत्र्यावर उभी असताना मात्र ते मला आठवलं नाही. तेव्हापासून अण्णांसमोर मी पदवी काढत नाही.

एकदाच ती उपयोगी पडली. त्या साली मार्चच्या मध्यावर, सकाळी अकराच्या पुढं, गावातले सगळे टीव्ही एकदम गेले. दहा मिनिटांत परत आले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा गेले. लोक डबे काखेत मारून अण्णांच्या दारात. अण्णांनी चार डबे उघडले, चारी ठणठणीत. तिसऱ्या दिवशी ते अकराला माळवदावर जाऊन बसले आणि टीव्ही गेल्या क्षणी छत्रीच्या दांडीवरल्या डब्याला, म्हणजे ते ज्याला ‘डोळा’ म्हणतात त्याला, हात लावला. चटका बसला. छत्रीवरून उसळलेलं सगळं ऊन त्या डोळ्यावर गोळा झालं होतं. बोट फुंकत ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, “सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागं आलाय. त्याच्या उजेडात ह्याला काय दिसंना. तुझ्या मास्तरला विचार.”

मी कलबुर्गीला माझ्या प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, अगदी बरोबर. वर्षातून दोनदा होतं, मार्चात चार-पाच दिवस आणि दसऱ्याच्या आसपास चार-पाच दिवस. आणि विचारलं, हे कुणी ओळखलं? मी अभिमानानं सांगितलं, आमच्या शेजाऱ्यांनी, चौथी पास.

तेव्हापासून दर मार्चात नि दसऱ्याला अण्णा आदल्या दिवशी पारावर जाऊन सांगून येतात. उद्या अकराला सूर्य आडवा येणार, डबे घेऊन येऊ नका. सगळं गाव ऐकतं. एक माणूस ऐकत नाही.

हा माणूस म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, बिरप्पादादा. दोघांची घरं एका भिंतीची, माळवदं लागून. मध्ये गुडघाभर कट्टा. आमचं घर समोर, म्हणून दोन्ही माळवदं आमच्या माळवदावरून ताटासारखी दिसतात. बारा वर्षांपूर्वी दादांनी कट्ट्यालगत पाण्याची टाकी बसवली आणि ती नेमकी अण्णांच्या आग्नेयेला आली. अण्णा म्हणाले, दादा, हातभर सरकव. दादांना त्या दिवशी कशाचा राग होता कुणास ठाऊक, चार माणसांत म्हणाले, “फुकट्याच्या छत्रीपायी मी माझं पाणी हलवू व्हय?”

अण्णांनी छत्री उंच नळीवर चढवली. आणि दादांशी बोलणं थांबवलं. दादाही थांबले. बायकांचं काही अडलं नाही. दादांच्या शांताक्का आणि अण्णांच्या घरच्या लक्ष्मीअक्का रोज भिंतीवरून कालवण देतात-घेतात. बंद पडलं ते दोन भावांचंच.

दादांनी हट्टानं आपली छत्री आळंदच्या माणसाकडून लावून घेतली. त्यानं ती अशी लावली की वारा आला तर चित्र, नाही तर ठिपके. पुढच्या आठवडी बाजाराच्या दिवशी, दादांची पाठ वळल्यावर, अण्णा पाना घेऊन कट्टा ओलांडून गेले. मी बघितलं. शांताक्का अंगणात उभ्या राहून दबक्या आवाजात आकडे सांगत होत्या. दादा परत आले तेव्हा चित्र आरशासारखं. ते म्हणाले म्हणे, आळंदचा माणूस हुशार हाय. शांताक्कांनी होय म्हटलं.

आता पारावरचं सांगणं दादांपर्यंत पोचत नसेल असं कसं म्हणावं? पण दर साली सूर्य आडवा आला की दादा गुडघा धरत माळवदावर येतात. अण्णा आधीच आपल्या माळवदावर असतात. दादा भावाकडं बघत नाहीत. छत्रीला विचारतात, “हिला काय झालं म्हणायचं?”

अण्णा टाकीला सांगतात, “काय न्हाई झालं. सूर्य आडवा आलाय. पाच मिंटं.”

मग पाच मिनिटं काढायची तर काहीतरी बोलावं लागतं. पहिल्या साली तुरीच्या भावावर झालं. पुढं गुडघ्यावर. अण्णांच्या लेकीचं लग्न ठरल्याचं दादांना तसं शांताक्कांकडून आधीच कळलं होतं, पण अण्णांनी ते दसऱ्याच्या सूर्याला टाकीपाशी सांगितलं, आणि दादांनी छत्रीवर हात ठेवून विचारलं, “पोरगा कसा हाय?” चित्र आलं की शांताक्का खालून ‘आलं’ म्हणून हाक मारतात आणि दोघे आपापल्या जिन्यानं उतरतात.

आमच्या टीव्हीवर चित्र येऊन दहा-पंधरा मिनिटं झालेली असतात, तरी शांताक्कांची हाक येत नाही, हे माझ्या लक्षात यायला चार वर्षं लागली.

गेल्या संक्रांतीला दादांच्या पुण्यातल्या मुलानं भिंतभर मोठा टीव्ही पाठवला आणि मला फोन केला. आपल्या गावात आता इंटरनेटची तार आलीय, तेवढी बाबांना जोडून दे. मला कोण आनंद. मी माणूस बोलावला, तार ओढून घेतली, दादांना रिमोट शिकवला. तार जोडणारा जाताना म्हणाला, आता ती छत्री भंगारात टाका. दादांनी छत्रीला हात लावू दिला नाही.

संध्याकाळी मी मोठ्या उत्साहानं अण्णांना सगळं सांगितलं. ते छत्रीचा नट आवळत होते. ऐकून घेतलं आणि विचारलं, “त्येला सूर्य आडवा येतोय का?”

“नाही अण्णा. ती तार जमिनीवरनं येते. बाराही महिने चालतं.”

“बरं झालं की,” ते म्हणाले आणि तोच नट पुन्हा आवळू लागले. तो आधीच घट्ट होता. मला तेव्हा उमगलं, मी काय करून बसले. रिमोट शिकवून आले होते मी, आणि भावांची वर्षातली दोन वेळची बोलणी काढून घेतली होती. त्या नटाकडं बघत उभी राहिले. स्ट्रेंथ भिंतीला बी असती, हे त्या दिवशी मला लागू झालं.

मार्च आला. अण्णा यंदा पारावर सांगायला गेले नाहीत. रविवार होता, मी माळवदावर मिरच्या वाळत घालत होते. खरं सांगायचं तर मिरच्या आदल्या दिवशीच वाळल्या होत्या. अकरा वाजून दहा मिनिटांनी आमचा टीव्ही गेला. अण्णांचं माळवद रिकामं. दादांच्या घरातून नव्या टीव्हीवरचं गाणं गल्लीभर ऐकू येत होतं, अक्षर न् अक्षर स्वच्छ.

आणि जिन्यावर काठी वाजली. दादा वर आले. छत्री जागच्या जागी होती, तिची तार मात्र कुठंच जोडलेली नव्हती, नुसती लोंबत होती. दादांनी तिच्याकडं बघितलं, मग कट्ट्यापलीकडं. कुणी नाही. त्यांनी घसा खाकरला.

“गेलं वाटतं.”

खालून गाण्याचं दुसरं कडवं सुरू झालं.

“ह्यातलं कळणारं कोण हाय का न्हाई हितं?” दादा मोठ्यानं म्हणाले. आणि मग, बारा वर्षांत पहिल्यांदा, “मल्हारी.”

अण्णा आले ते एका पायात चप्पल, हातात पाना. कट्ट्यापाशी येऊन उभे राहिले. खालचं गाणं त्यांनी ऐकलं. लोंबणारी तारही बघितली. मग मान वर करून सूर्याकडं बघितलं, जसं काही पहिल्यांदाच बघतायत.

“सूर्य आडवा आलाय, दादा.”

“किती येळ लागंल?”

अण्णांनी पाना कट्ट्यावर ठेवला आणि शेजारी बसले.

“औंदा जरा जास्तच लागंल.”

दादाही गुडघा सावरत पलीकडून कट्ट्यावर टेकले. आणि खाली शांताक्कांनी टीव्हीचा आवाज बारीक केला.