मावा-गनिमाचे पारिपत्य व ओडेलाबाईसाहेबांची फत्ते

नॉर्थ कॅरोलिना प्रांती, अ‍ॅश परगण्यात, नाताळाच्या फरझाडांचा रस पिणारा मावा कीडा कैसा माजला आणि कोणी मोडला, हे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो. पदरचे मीठ घातले असल्यास चिमूटभरच.

ओडेलाबाईसाहेब चाळीस एकर फरच्या मुलखाच्या धनीण. चर्चास नाताळाचे झाड देण्याचा मान त्यांचे वडिलांपासून एकतीस वर्षे घरात. मग गतसाली आक्रीत जाहले. थंडीने निपचित पडलेला मावा चर्चातील ऊब लागताच वसंत आला समजोन उठला, आणि पाद्रीसाहेबांचे कुटुंब झेलाबाई यांचे शुभ्र मेजपोसावर उतरला, आणि बाईंनी तो चिरडला, तेणेकरून जांभळे डाग पडले ते अद्याप निघाले नाहीत. सबब फर्मान सुटले की, यंदा एक जरी कीडा दिसला तरी मान शेजारच्या मळ्याकडे जाईल. बाईसाहेबांस अन्न गोड लागेना.

यजमान व्हर्लिनरावांनी औषध फवारण्याची मसलत दिली. हुकूम जाहला की बर्फात फवारा कसला, डोके ठिकाणावर ठेवणे. मग बाईसाहेबांनी झाड तोडून कोठारात शेगडीजवळ उभे केले, आणि दोन दिवस लाकडे जाळून खोटा वसंत आणविला, आणि मावा जागा होऊन हिंडू लागताच झाड सुकी पाने झाडण्याच्या यंत्रावर चढवून गदगदा हलविले. खाली अंथरलेल्या चादरीवर गनिमाचा खच पडला. कित्येक सरदार व्हर्लिनरावांचे दाढीत आश्रयास गेले, सबब रावांस कोंबड्यांपुढे बसविण्यात आले.

रविवारी स्वारी चर्चात दाखल जाहली. मुलखाचा रिवाज ऐसा की पांढऱ्या ताटावर फांदी आपटावी आणि पडेल ते मोजावे. झेलाबाईंनी आपले मसाला-अंड्यांचे ताट घाईने रिकामे करून धरिले आणि फांदी आपटली. एक काळा ठिपका पडला. सारी मंडळी ताटावर वाकली.

"हे काय हो, ओडेलाताई?"

बाईसाहेबांनी बोट ओले केले, ठिपका उचलिला आणि तोंडात टाकिला.

"मिरी आहे. तुमच्याच अंड्यांवरची. जरा बेतानं घालत जा, झेलाताई."

मान बत्तिसावे वर्षी कायम जाहला. परततेसमयी गाडीत व्हर्लिनरावांनी दाढी खाजवीत हळूच पुसिले, "काय गं, फार तिखट होती का मिरी?"

"गोडसर होती," बाईसाहेब म्हणाल्या, "आणि चालत होती."

येणेप्रमाणे अखेरचा गनीम स्वमुखे गिळोन बाईसाहेबांनी मोहीम फत्ते केली, घराण्याचा मान राखिला, आणि घरी येताच तीन वेळा चूळ भरली. हे लिहिले खरे.