बोंबलाचे हृदय उत्तम

माणसाचे शरीर हे यंत्र आहे, असे युरोपातल्या विद्वानांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी ठरवले. हृदय पंप, फुप्फुसे भाता, हाडे तरफा. त्याच सुमारास दुसऱ्या पंथाने शरीर ही रसायनांची भट्टी असल्याचे जाहीर केले. (शरीराचे मत कोणीच घेतले नाही.) रोगी पूर्वीइतकेच मरत राहिले, फक्त आता शास्त्रशुद्ध कारणांनी.

यातला पंपाचा भाग रत्नपाल गुरुजींनी रेवदंड्यात एकतीस वर्षे पोरांना समजावला, सायकलचा पंप वर्गात आणून. त्यामुळे त्यांचाच विद्यार्थी विनेश समाजमंदिरात आरोग्य-यंत्र मांडून बसला, तेव्हा गुरुजींना अभिमानच वाटला. दांडी मिनिटभर मुठीत धरायची. अडतीस अवयवांचा अहवाल छापून हातात. (दांडी हात धुऊन धरावी. अहवालात फरक पडत नाही, दांडी खराब होते.)

गुरुजींना आठ दिवस जिना चढताना छातीत कळ येत होती. अलिबागच्या डॉक्टरकडे न्यायला त्यांच्या मुलीने, भावनाने, रिक्षाही समाजमंदिराच्या दाराशी आणून उभी केली होती. तेवढ्यात गुरुजींनी विनेशच्या आग्रहाने दांडी धरली आणि अहवाल आला: हृदय ब्याण्णव टक्के, उत्तम.

"आप्पा, उत्तम आहे की! उगाच कशाला अलिबाग?" भावना म्हणाली.

"अगं, पण दुखतंय."

"गुरुजी," विनेश आदराने म्हणाला, "दुखणं अहवालात नाहीये."

चूक सांगायची नाही, प्रयोगाने दाखवायची, ही गुरुजींची जुनी रीत. त्यांनी रांगेतल्या मासळीवाल्या शकूच्या टोपलीतला सुका बोंबील उचलून दांडीवर ठेवला.

"माज्या बोंबलाला काय धाड भरली, गुरुजी? खणखणीत वाळलाय त्यो!"

मिनिटभरात कागद आला: हृदय उत्तम. शरीरात पाणी कमी. मीठ वर्ज्य करावे. (बोंबील पोट साफ करून वाळवलेला होता. हृदय त्यात नव्हतेच.)

गुरुजींनी कागद मोठ्याने वाचला आणि वर्गात थांबत तसे, निष्कर्ष निघेपर्यंत थांबले.

निष्कर्ष शकूने काढला. "पानी कमी, मीठ जास्ती! बरोब्बर वळखलान की!"

रांग दुप्पट झाली.

"बघा आप्पा, मेलेल्या बोंबलाचंसुद्धा अचूक सांगतं," म्हणत भावनाने रिक्षा परत पाठवली. गुरुजींनी छातीवर हात दाबला. विनेशने मायेने तो हात सोडवून त्यात अहवाल दिला.

वाचकांनी हसण्याची घाई करू नये. रात्री झोप चांगली लागली की नाही, हे आज सकाळी आपण मनगटावरच्या घड्याळाला विचारूनच ठरवलेत. गुरुजींनी निदान एक बोंबील तरी ठेवून पाहिला होता.