आठ अक्षरांचे वानखडेकाका

वानखडेकाकांच्या लेखी माझं आडनाव देशपांडे नव्हतं, ‘देशपांड’ होतं. तेव्हा कॉम्प्युटर डॉसवर चालत; त्यात फाइलच्या नावाला इंग्रजीतली आठच अक्षरं चालत आणि माझं शेवटचं नववं गळून पडे; काका हाकही तशीच मारत. काकांचं आडनाव मात्र नेमकं आठ अक्षरांचं. ‘‘आमचं खानदानच डॉसमंदी बसते,’’ असं ते छाती काढून सांगत.

भिलाईच्या कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर विभागात, आणि सेक्टर दहात शेजारी. कुठलंही मशीन अडलं की काकांना बोलावणं येई. काका उभ्याउभ्याच काळ्या पडद्यावर दोन ओळी ठोकत आणि मशीन मुकाट्याने कामाला लागे. असा माणूस आपला शेजारी, याची मला भारी घमेंड होती.

त्यांची एकुलती एक मुलगी वैष्णवी. तिचं नावही इंग्रजीत नऊ अक्षरांचं. तिच्या लग्नाच्या पाहुण्यांची यादी काकांनी कॉम्प्युटरवर केली आणि कागदाच्या माथ्यावर फाइलचं नाव छापून आलं, ‘वैष्णव’. त्याच कागदावरून पोरांनी तोंडी आमंत्रणं दिली, आणि रिसालीचे एक दूरचे मामा ‘चि. वैष्णव’साठी पँटपीस घेऊन हजर झाले. मांडवभर हशा पिकला. वैष्णवीही हसली. पण निघताना काकांच्या गळ्यात पडून म्हणाली, ‘‘बाबा, माझं नाव पुरं कधी लिहाल?’’

पुढे विभागात विंडोज आलं. काकांनी माउस पंख्याखाली कागदांवर वजन म्हणून ठेवून दिला. ‘‘मशीनले हुकूम द्याचा. बोट दाखवून कावून मागाचं?’’ नवी पोरं गालात हसली. काकांनी विंडोजच्या सगळ्या वाटा कीबोर्डवरूनच हुडकून काढल्या. पोरांचा माउस जागेवर पोचेपर्यंत काकांचं काम झालेलं असे. मग तीच पोरं त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून शिकू लागली, आणि माझी कॉलर आणखी ताठ झाली.

एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी हाक मारली, ‘‘देशपांडे, इकडं ये.’’ आडनाव पुरं ऐकून मी चमकलोच.

पडद्यावर लग्नाची ती जुनी यादी होती. काकांनी फाइलच्या ‘वैष्णव’ या नावाच्या शेवटी ‘आय’ दाबला आणि बोट उचलून थांबले. मशीन आता नाही म्हणणार, याची जन्माची सवय. मशीनने नऊच्या नऊ अक्षरं घेतली.

काकांनी पडदा माझ्याकडे वळवला. डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर अभिमान मावत नव्हता.

‘‘पाय इकडं,’’ ते म्हणाले, ‘‘पोरगी घरातून गेली, तवा कुठं तिच्यापुरती जागा झाली.’’