दुसरा रिमोट

आमच्या शेजारचे इस्माईलचाचा माणसांना अरेतुरे करतात आणि यंत्रांना अहोजाहो. दुरुस्तीला आलेला मिक्सर असो की इस्त्री, ते आधी तिला पाटावर ठेवतात, फडक्याने पुसतात आणि विचारतात, "काय पावणं, कुठं दुखतंय?" मग कान लावून बसतात. मिक्सरचा मालक मध्येच काही सांगायला लागला तर त्याला गप्प करतात. "तू थांब रे. पावण्यास्नी बोलू दे की." मी शाळेत शिकवते, म्हणून मला मात्र 'ओ बाई' आणि 'तुमी' असा मान मिळतो. यंत्रांच्या रांगेत बसवलंय याचा आनंद मानावा की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

चाचांनी जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवला. त्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. ते स्वयंपाकघरात मीठ मागतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटतं आपल्याकडेच मागितलं. बँडच्या गाडीवरचा ॲम्प्लिफायर ऐन वरातीत बंद पडायचा. तो सारखा उघडावा लागायचा, त्यातून त्यांना दुरुस्तीचा नाद लागला. शिकवलं कुणीच नाही. चाचांनी दुरुस्त केलेली वस्तू चालते, पण तिचा स्वभाव बदलतो. माझा मिक्सर आता फक्त तीन नंबरवर फिरतो. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंचा पंखा एकवर सुसाट आणि पाचवर निवांत. प्रत्येक दुरुस्तीनंतर दोन-चार स्क्रू उरतात आणि त्यावर चाचांचं उत्तर तयार असतं, "कंपनीवाले जादा घालत्यात. वजनाला."

अशा माणसाने एके दिवशी जुन्या व्हिडिओ गेमचा मदरबोर्ड उघडून पाटावर ठेवला. मी हसले असते, पण त्या घरात तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं.

चाचांच्या बायकोला, जैबुनचाचींना, लकवा मारला होता. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. धरून-धरून चालता यायला लागलं, पण हाताची बोटं हलेनात. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. चाची तो डाव्या हाताने कॉटखाली ढकलून द्यायच्या आणि भिंतीकडे तोंड करायच्या. चाचा गुडघे टेकून चेंडू काढायचे, फुंकर मारून धूळ उडवायचे आणि परत हातात द्यायचे. चाची परत ढकलायच्या. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की हात आत्ता हलवला तर हलेल, नंतर अवघड आहे. त्यापेक्षा मला त्यांचं ते भिंतीकडे बघणं जास्त घाबरवायचं. चाचांनाही तेच खात होतं. ते दारात येऊन म्हणाले, "बाई, हात न्हाय हलला तर मी हाय की. मी भरवीन. पर ती हितनं उठून गेल्यागत झालीया." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, म्हणून मी त्या दिवशी भांडी तशीच टाकून त्यांच्याकडे जाऊन बसले.

गेम आठवला तो त्यानंतर. मुलं लहान असताना घेतलेला, टीव्हीला जोडायचा, वर कॅसेट खोचायची, तसला. मुलं शिकली, पुण्याला गेली, गेम राहिला. आषाढ ते कार्तिक लग्नाचे मुहूर्त नसतात, बँड घरी बसतो. ते सगळे महिने हे नवराबायको जेवणं झाली की टीव्हीपुढे मांडी घालून खेळायचे. कॅसेट चालली नाही की चाचा तिच्यात फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "फुकायचं काम आपल्याकडं. ट्रंपेटवाला हाय मी." पहिला रिमोट चाचांचा, दुसरा चाचींचा. हरलं की चाची अशी कडाकडा भांडायच्या की आमच्याकडे ऐकू यायचं. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा, परीक्षेचे पेपर तपासताना तर फारच.

माळ्यावरून खोका काढला तर त्याला मुंग्या लागलेल्या. चाचींचा भाऊ दर हंगामात मुरगूडहून काकवीचा डबा पाठवतो. तो चाचांनी झाकण न बघता या खोक्यावर ठेवला होता. काकवी पाझरली, गेममध्ये उतरली, आंबली आणि वाळून चिकट झाली. आत बोर्डावर तांब्याच्या बारीक रेघा असतात, त्यांच्यावर हिरवा कळंक चढला होता. चाचांनी बोर्ड पाटावर ठेवला. नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही. "कुठं दुखतंय ते दिसतंयच की," एवढंच म्हणाले.

मुलाने फोनवर सांगितलं, नवा गेम पाठवतो. चाचांनी फोन ठेवून दिला. मोबाइलवरचा गेम चाचींपुढे धरून बघितला होता, तो चेंडूच्या वाटेने गेला होता.

मग चाचांनी मदरबोर्ड कोमट पाण्याने धुतला. मी ओरडले. "बाई, गोड हाय ते, पाण्यानंच जाणार," असं म्हणून त्यांनी टूथब्रशने तो घासला, वर स्पिरिट फिरवलं आणि गच्चीवर माझ्या कुरड्यांच्या शेजारी वाळत घातला. मी कावळे हाकलायला बसले, तेव्हा दोन्हींवर लक्ष ठेवत होते. मुंग्या मात्र बोर्डाकडून कुरड्यांकडे आल्या, तो विषय वेगळा.

जोडल्यावर आधी नुसता पांढरा पडदा. चाचांनी कळंक खरवडला, मीटरच्या दोन सुया रेघेच्या दोन टोकांना लावून बघितल्या. रेघ सलग असेल तर मीटर कुई करतो. जिथे गप्प राहायचा तिथे ते सोल्डर मारायचे. असं करत-करत एका रविवारी पडद्यावर रंग आले, ते ओळखीचं संगीत वाजलं आणि बुटका माणूस धावायला लागला. चाचांनी पहिला रिमोट घेतला. मी तोंडात बोट घालून बघत बसले. खड्डे, विटा, कासवं, सगळं हा माणूस बोलत-बोलत ओलांडत होता. चाचा एकदाही पडले नाहीत. एवढ्या वर्षांनी बोटांना सगळं पाठ होतं.

चाची कॉटवरून बघत होत्या. भिंतीकडे नाही, पडद्याकडे. चाचांनी लगेच रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवला. चाचींनी तो डाव्या हाताने उचलला आणि चाचांच्या मांडीवर परत ठेवला. मग दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

दुसरा रिमोट मेलेला होता. म्हणजे रिमोट चांगला, पण बोर्डावर त्याची वायर जिथे जोडली जाते तिथली रेघ काकवीने पार खाल्ली होती. मी म्हटलं, "चाचा, चाचींना म्हणावं, पहिलाच घ्या. एकटीने खेळता येतंच की."

"ती एकटी कवा खेळलीया?" चाचा म्हणाले. "तिला दुसराच पायजे. तिची बाजू हाय ती."

रेघेच्या जागी तार जोडायची होती. चाचा उद्यमनगरात गेले. तिथे शेतातल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार गुंडाळून देतात, म्हणजे रिवाइंडिंग. त्यांच्याकडून केसासारखी तांब्याची तार घेऊन आले. दिवसभर वाकून त्यांनी ती सोल्डर केली. काम इतकं सुबक की एक स्क्रूसुद्धा उरला नाही. जोडलं, तर रिमोट तसाच मेलेला. परत सोल्डरगन तापवली, परत केलं. तिसऱ्यांदा करताना बोर्डावरचा तांब्याचा ठिपकाच उचकटून वर आला. आता तार जोडायला तिथे जागाच राहिली नाही.

चाचा सोल्डरगन बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसले. चाचींनी त्यांच्याकडे बघितलं आणि हळूहळू तोंड फिरवलं. खरं सांगते, मला ते बघवेना. मी चहा करायला म्हणून उठले.

चहा घेऊन आले तर चाचा त्या तारेचा तुकडा नखाने खरवडत होते. खरवडलेलं टोक लाल चकाकत होतं, बाकीची तार तपकिरी. "बाई, हे बगा. मोटारीची तार हाय न्हवं. हिच्यावर वार्निश असतंय, त्यातनं करंट जात न्हाय. पावणं कोट घालून आलंय आन् मी तसंच जेवाय बसीवलं." मोटारवाले तार जोडण्याआधी टोकं खरवडतात, हे त्यांनी शंभरदा बघितलेलं. यावेळी डोक्यातूनच गेलं होतं. ठिपका गेला होता, पण त्यांनी रेघ मागे जिथून येते तिथवर शोधली, एका चिपच्या पायाशी सापडली. तिथे खरवडलेली तार लावली. मीटरने कुई केलं. चाचांनी तो पुन्हा-पुन्हा वाजवला, मी 'पुरे' म्हणेपर्यंत.

हे होऊन आता बरेच दिवस झाले. शाळेतून आले की मी त्यांच्याकडे डोकावते. चाचा दुसऱ्या रिमोटचं बटण चाचींच्या उजव्या अंगठ्याखाली नेमकं बसवून देतात. उडी मारायचं बटण उजव्या अंगठ्याचंच. अंगठा आधी नुसता थरथरायचा. आता दाबला जातो, उशिरा का होईना. चाचींचा बुटका माणूस पहिल्याच कासवाला जाऊन धडकतो. त्या 'हं' असा रागाचा आवाज काढतात. तो आवाज ऐकायला मी कधीकधी मुद्दाम थांबते.

या खेळात दोघं एकदम खेळत नाहीत. एकाचा माणूस मेला की दुसऱ्याची पाळी येते, तोवर दुसऱ्याने बसून राहायचं. परवा मी नीट बघितलं. चाचांची पाळी आली. बुटका माणूस धावला, पहिला खड्डा आला आणि चाचा सरळ त्यात पडले. चाचींची पाळी. परत चाचांची, परत तोच खड्डा. त्या रविवारी शेवटपर्यंत न पडता गेलेला माणूस हा.

चाची पडद्याकडे बघत होत्या म्हणून मी हळूच विचारलं, "चाचा, हे काय चाललंय?"

त्यांनीही मान न वळवता, अगदी हळू सांगितलं, "बाई, माझी पाळी लांबली की ती भिंतीकडं बघाय लागती."

आणि पुढच्या पाळीला पुन्हा त्या खड्ड्यात उडी घेतली.