गवेराजाचा फेरफटका

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे रे बाळांनो, समुद्रापलीकडच्या, दर चार वर्षांनी राजा निवडायची पद्धत होती. हत्ती एक नाव पुढे करायचे, गाढवं दुसरं. मग दोघे मिळून इतका कालवा करायचे की बाकीचे प्राणी वैतागून कुणाला तरी मत देऊन मोकळे व्हायचे. ए मागच्या, दात काढू नकोस. नीट बस.

या खेपेला हत्तींचा गवा राजा झाला होता. अंगाने आडदांड, आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

त्या जंगलात एक जुना कायदा होता. राजाला युद्ध करायचं असेल, तर आधी पंचायतीला विचारायचं. गव्याला विचारायचा भारी कंटाळा. म्हणून त्याने सात नद्यांपलीकडच्या रानात फौज धाडली आणि जाहीर केलं, "युद्धबिद्ध काही नाही. आपली पोरं जरा फेरफटका मारून येतील."

या फेरफटक्याला सगुणा साळिंदरणीचा भिवाही गेला. त्याला नुकते कुठे लांब काटे फुटले होते. सगुणाने विचारलं, "परत कधी?" तो म्हणाला, "अगं आई, फेरफटकाच तर आहे!"

दोनदा बोरं येऊन गेली. भिवा काही आला नाही.

सगुणाला आता घरात बोरं उरायला लागली होती. पूर्वी ती वेचून आणेपर्यंत भिवा अर्धी फस्त करायचा आणि ती त्याच्यावर खेकसायची. आता खेकसायलाही कुणी नव्हतं. शेजारची घूस म्हणायची, "बरंय की गं, तुला आराम." सगुणाला तिचे कान उपटावेसे वाटत.

शेवटी ती गव्याकडे गेली. "महाराज, आता पुरे करा. थांबवा ते."

"काय थांबवू?"

"युद्ध."

"कुठलं युद्ध?" गवा गोड हसला. "जे सुरूच केलं नाही, ते थांबवू कसं, बाई? तूच सांग."

सगुणा घरी आली आणि विचार करून करून तिचं डोकं भणभणलं. दुसऱ्या दिवशी भर पंचायतीत ती उभी राहिली आणि म्हणाली, "युद्ध पुकारा!"

हत्तींनी सोंडा वर केल्या. "वा! याला म्हणतात देशभक्त आई!"

गाढवांनी नाकं मुरडली. "शी! काय ही रक्ताची तहान! आमचा फेरफटक्याला विरोध नाही, आम्हाला विचारलं नाही याला आहे." मागे गाढवांचा राजा असताना त्यानेही फौज धाडली होती. त्याला ते हवापालट म्हणत.

"अहो, ऐकून तर घ्या मेल्यांनो!" सगुणा ओरडली. "आधी पुकारा, आणि लगेच थांबवा. सुरू झालं की संपवता येतं ना? दुपारच्या आत आटपेल. माझं पोर घरी येऊ द्या, एवढंच मागते."

पंचायत चपापली. यात चूक कुठे आहे, ते कुणालाच सापडेना. दोन-तीन गाढवं माना डोलवायला लागली, एका म्हाताऱ्या हत्तीचेही डोळे पाणावले.

रागरंग बघून गवा ताडकन उठला. "काही पुकारायची गरज नाही! मी आत्ताच जाहीर करतो, फेरफटका संपला! आपण जिंकलो!"

मग काय विचारता! हत्ती नाचले, गाढवंही नाचली. सगुणा तर रडतच घरी पळाली. तिने बीळ झाडलं, ताजा पाला अंथरला आणि नदीवर जाऊन बसली.

नदी ओलांडून कुणीच आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या पौर्णिमेलाही नाही.

ती पुन्हा पंचायतीत गेली. "महाराज, फेरफटका संपला म्हणालात ना?"

"संपला की."

"मग पोरं कुठायत?"

"तिथेच. आता त्यांचा मुक्काम आहे."

"मुक्काम? किती दिवसांचा?"

गव्याने कपाळाला आठ्या घातल्या. "अहो बाई, मुक्कामाला गेलेल्याला कधी निघणार असं कुणी विचारतं का? बरं दिसतं का ते?"

हत्ती म्हणाले, बरं दिसत नाही. गाढवं म्हणाली, या एका बाबतीत आमचंही तेच मत आहे.

"ते घरच्या यजमानाने विचारू नये हो," सगुणा म्हणाली. "मी त्याची आई आहे."

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली, म्हणून पंचायत उठली.

तात्पर्य: बाळांनो, युद्ध फार वाईट असतं. शहाण्या राजाने ते कधीही करू नये. फार तर पाय मोकळे करायला निघावं, आणि तेही दुसऱ्यांच्या पोरांचे.