अठरा खोकी आणि एकही नाव नाही

"खोली रिकामी झाली हो!" दार उघडता उघडता बायकोनं सांगितलं, आणि हेडक्लार्कांच्या हातातली पिशवी खाली पडली.

खरं तर गेले पाच आठवडे हे वाक्य ऐकायला त्यांचे कान आतुर होते. घरात दोन खोल्या. त्यातली आतली खोली पाच आठवड्यांपासून अठरा खोक्यांनी बळकावलेली. प्रत्येक खोक्यात पाय चेपायचं एकेक यंत्र. आज संध्याकाळी पाच वाजता नवा गुडघा बसवून घेतलेल्या सासूबाई इस्पितळातून थेट इथे येणार होत्या, आणि बायकोनं सकाळी शांतपणे बजावलं होतं, "पाच वाजता त्या खोलीत एक तर खोकी असतील नाही तर माझी आई. आई खोक्यांवर झोपणार नाही. तुम्ही झोपू शकता."

"रिकामी म्हणजे?" हेडक्लार्कांनी विचारलं. "खोकी कुठंयत?"

"वाटली."

"कुणाला?"

"बिल्डिंगमध्ये. तुम्हीच नाही का आरशासमोर रोज म्हणता? 'तीन दिवस घरी ठेवून बघा, नाही आवडलं तर परत.' म्हटलं, तुमच्याच्यानं काही हे व्हायचं नाही. इस्त्रीवाल्याची ढकलगाडी घेतली, लिफ्ट चालू होती, दीड तासात सतरा दारं केली. एक राहिलंय खिडकीखाली. त्याच्यावर चिठ्ठी नव्हती."

चिठ्ठी हा शब्द कानी पडला आणि हेडक्लार्क चपलांच्या रॅकवरच बसले.

या चिठ्ठ्यांची हकिगत अशी. ही यंत्रं घरोघरी विकणाऱ्या कंपनीत हेडक्लार्कांना ज्यानं ओढलं, त्या टाय लावणाऱ्या तरुणाला कंपनीच्या भाषेत त्यांचा अपलाइन म्हणत. त्यानं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, "साहेब, तुम्हाला माणसं कळतात. तुम्ही विकायला नका जाऊ, तुम्ही फक्त मन वाचा." सव्वीस वर्षं आवक-जावक बारनिशी सांभाळणाऱ्या माणसाला असं कुणी कधी म्हणालं नव्हतं. पुढे तीन रविवार एका हॉलमध्ये गिऱ्हाइकाचं मानसशास्त्र शिकवण्यात आलं. त्यातला मुख्य धडा हा, की प्रत्येक गिऱ्हाइकाच्या स्वभावाची एक चिठ्ठी लिहायची. नाव टाकायचं नाही, कारण नाव आलं की भीड येते. चिठ्ठी त्याच्या खोक्यावर चिकटवायची, दारात जाण्याआधी वाचायची, आणि फाडून खिशात टाकायची. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, असं शिकवणाऱ्या सरांनी तीनदा सांगितलं होतं.

"तू चिठ्ठ्या काढल्यास ना?" हेडक्लार्कांनी चाचरत विचारलं.

"काढू कशाला? चिठ्ठीवरूनच तर कळलं कुठलं कुणाचं ते. नावं नव्हती, पण वाचलं की चेहराच समोर यायचा! छान लिहिता हो तुम्ही. 'फुकट म्हटलं की डोळे चमकतात. आधी चहा पाजावा.' लगेच डेंटिस्टकडे नेऊन दिलं."

"अगं, तो सेक्रेटरी होता!"

"कोण?"

"चिठ्ठीतला!"

बायकोनं क्षणभर विचार केला. "सेक्रेटरी? छे. ते कुठे चहा घेतात?"

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सतरा घरांत सतरा चिठ्ठ्या, हेडक्लार्कांच्या गोल, वळणदार अक्षरात. ज्या अक्षरात गेली नऊ वर्षं सोसायटीच्या सभांचं इतिवृत्त लिहिलं जात होतं, आणि जे बिल्डिंगमधलं शेंबडं पोरही ओळखतं, असा त्यांचा समज होता. अजून कुणी वाचलं नसेल. शनिवारची दुपार आहे, लोक झोपलेले असतील. हेडक्लार्क एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून जिना चढू लागले, कारण लिफ्ट आता अर्थातच बंद होती.

डेंटिस्ट झोपलेला नव्हता. दारातच उभा होता, आणि हसत होता.

"या या! मी तुमचीच वाट बघत होतो. वहिनींनी घोळ घातला हो. माझ्याकडे भलत्याचंच खोकं दिलं."

"भ... भलत्याचं?"

"मग काय! 'फुकट म्हटलं की डोळे चमकतात.' वाचलं आणि मला हसूच आवरेना. वरच्या कर्नलांना याहून नेमक्या शब्दांत कुणी पकडलं नसेल. गेल्या महिन्यात दात साफ करायला आले आणि म्हणाले, आलोच आहे तर बायकोची कवळीही बघा. मी लगेच नेऊन दिलं त्यांना. चिठ्ठी उलटी करून चिकटवली, म्हटलं उगाच मन दुखवायला नको. बसा ना, चहा घेणार? वहिनींनी मघाशी साखर पाठवलीय यंत्राबरोबर."

हेडक्लार्क बसले नाहीत. ते कर्नलांकडे धावले. कर्नल हे बिल्डिंगनं दिलेलं टोपणनाव. मुळात ते गोदामाच्या पहाऱ्यावरून निवृत्त झालेले, पण मिशा तशा होत्या. त्यांनी चिठ्ठी उलटी-सुलटी दोन्हीकडून वाचलेली होती.

"सेक्रेटरी," त्यांनी दाराच्या फटीतून हळूच सांगितलं. "खालच्या सेक्रेटरीचं आहे हे. माझ्याकडे आलं ते मला अडकवायला. पण मी पोचवलंय बरोबर जागी."

हेडक्लार्कांना हायसं वाटलं. म्हणजे एक तरी खोकं फिरत फिरत योग्य माणसाकडे पोचलं होतं. मग त्यांच्या लक्षात आलं, की हीच तर सगळ्यांत वाईट गोष्ट झाली आहे.

सेक्रेटरी तळमजल्यावर राहत. हेडक्लार्क दोन-दोन पायऱ्या उतरत खाली आले, तर सेक्रेटरी डोक्यावर खोकं घेऊन वर चढत होते.

"बरं झालं भेटलात," धापा टाकत ते म्हणाले. "हे धरा जरा. डेंटिस्टचं आहे, माझ्याकडे टाकून गेलेत. 'आधी चहा पाजावा' म्हणे! त्याच्याकडे जाऊन बघा, पेशंटकडून चहा पितो तो. अक्षर मात्र झकास आहे. कुणाचं हो?"

"क... कंपनीचं असेल."

"माणूस हुशार दिसतो लिहिणारा. आपल्या इतिवृत्तात असा रोखठोकपणा कधी येणार?"

यानंतर पाऊण तास हेडक्लार्कांनी जे पाहिलं, त्याला मानसशास्त्राच्या तिन्ही रविवारांत कुठेही जागा नव्हती. बिल्डिंगमध्ये खोकी हिंडत होती. शिंपीकाका खाली जात होते, गाणं शिकवणाऱ्या बाई वर येत होत्या, आणि जिन्यावर एकमेकांना चुकवताना दोघेही "शेजारच्यांचं आलंय चुकून" असं सांगत होते. 'मी कमी बोलते असं सांगत दोन तास बोलते. ऐकून घ्यावं. शेवटी स्वतःच दमते,' ही चिठ्ठी हेडक्लार्कांनी गाण्याच्या बाईंवर लिहिली होती. बाईंनी त्यांना जिन्यात गाठून त्या चिठ्ठीतली बाई कोण असेल, यावर पंचवीस मिनिटं चर्चा केली.

"मला जास्त बोलायला आवडत नाही, तुम्हाला माहीतच आहे," बाई म्हणाल्या. "पण हे शिंप्याच्या बायकोचं आहे. नक्की. एक सांगा, तुम्ही कंपनीत आहात ना? लिहिणाऱ्याला सांगून माझ्या धाकट्या जावेवरही एक लिहून आणाल? मी यंत्र घेईन. दोन घेईन."

शिंपीकाकांनी त्यांना थांबवून चष्मा कपाळावर सरकवला. "आमच्याकडे आलेली चिठ्ठी बघा. 'चूक काढू द्यावी. चूक सापडली की खूश होऊन घेतो.' यात एक चूक आहे. 'खूश' नाही, 'खुळा' हवं. कर्नलांचं वर्णन आहे ना हे? त्यांनी माझ्या शिलाईतला एक टाका मोजून दाखवला होता. बाकी यंत्र बरं आहे. जरा डुगडुगतं. ते मी दुरुस्त करून घेतलं."

"घेतलं? म्हणजे लावून बघितलं?"

"शेजाऱ्याचं आहे हो. पण आलंच आहे घरात, तर म्हटलं दोन मिनिटं..."

तेव्हा कुठे हेडक्लार्कांच्या कानात ती गुणगुण शिरली. डावीकडच्या दारामागून, उजवीकडच्या दारामागून, वरून आणि खालून, बिल्डिंगभर एक बारीक घरघर चालू होती. शेजाऱ्याचं यंत्र शेजाऱ्याला पोचवण्याआधी प्रत्येक घर आपले पाय चेपून घेत होतं.

पण ते ऐकून खूश होण्याइतकी उसंत नव्हती. सतरा चिठ्ठ्यांपैकी एक अशी होती, की ती सगळ्यांत आधी हाती लागायला हवी होती. सरांनी सांगितलं होतं, सराव घरच्या माणसापासून करा. म्हणून पहिली चिठ्ठी त्यांनी बायकोवर लिहिली होती. 'नाही म्हणायचं आधी ठरवते, कारण मागाहून शोधते. वादात पडू नये. तिलाच सुचलं असं वाटू द्यावं.'

पावणेपाचला ते घरी परतले. बायको आतल्या खोलीत पलंगावर चादर घालत होती. खोली खरोखरच प्रशस्त दिसत होती. पाच आठवड्यांनी खिडकी दिसली.

"अगं," त्यांनी शक्य तितक्या सहज विचारलं, "ती एक चिठ्ठी होती बघ... 'नाही म्हणायचं आधी ठरवते' अशी..."

बायकोचा चादर घालणारा हात थांबला.

"हां, ती!" बायको हसायला लागली. "ती ना मी वकिलीणबाईंकडे दिली. वाचली आणि म्हटलं, वा! मागच्या सभेत टाकीच्या रंगावरून कशा नाही म्हणाल्या होत्या, आणि मग कारणं शोधत बसल्या! त्यांचंच ना ते?"

हेडक्लार्कांनी तिच्याकडे बघितलं. चादरीचा चौथा कोपरा ती हातानं सरळ करत होती. दीड तास सतरा खोकी वाहून तिच्या कपाळावरचे केस घामानं चिकटले होते.

"त्यांचंच," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

"मला वाटलंच. आणि बघा, खोकी वाटायची कल्पना मलाच सुचली की नाही?"

"तुलाच सुचली."

बरोबर पाचला सासूबाई आल्या. दोन माणसांनी त्यांना खुर्चीसकट वर आणलं, आणि जिन्यात खोकी घेऊन उभ्या असलेल्या चौघांनी आपापली खोकी भिंतीला टेकवून वाट करून दिली. सासूबाईंनी खोलीत येताच चारही कोपरे निरखले. पूर्वी त्या शाळा-तपासणी करत असत. ती सवय गुडघा बदलल्यानं गेलेली नव्हती.

"जावईबापू, खोली छान ठेवलीत हो. मला वाटलं होतं सामान असेल."

"छे छे, सामान कसलं?" हेडक्लार्क म्हणाले.

"पाय उंच ठेवायला सांगितलाय डॉक्टरांनी. काही आहे का ठेवायला?"

खिडकीखाली अठरावं खोकं उरलं होतं. ढिगातलं सगळ्यांत तळचं, म्हणजे सगळ्यांत आधी आलेलं. सतराव्या माणसानंतर हेडक्लार्कांना बिल्डिंगमध्ये स्वभावच उरला नव्हता, म्हणून त्याच्यावर चिठ्ठी नव्हती. बायकोनं ते पलंगाशी आणलं, वर उशी टाकली. सासूबाईंनी पाय ठेवून बघितला.

"उंच होतंय. आडवं कर बाळ."

बायकोनं खोकं आडवं केलं. खालच्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती. हिरव्या शाईत, तिरप्या, ऐटबाज अक्षरात.

बायकोनं ती उभ्यानं वाचली. एकदा वाचली, मग नवऱ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचली. शेवटी तिनं ती त्यांच्या हातात दिली.

हेडक्लार्कांनी चष्मा लावला.

'दुसऱ्यांचं मन आपल्याला वाचता येतं, असा समज. घरी कुणी ऐकत नाही, ऑफिसात कुणी विचारत नाही. "तुम्हाला माणसं कळतात" एवढंच म्हणावं. किती हवीत ते विचारू नये. अठरा पोचवून यावीत.'

भिंतीपलीकडे कुणाच्या तरी घरात यंत्र घरघरत होतं. सासूबाई एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. बायको पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी काळजी गेल्या पाच आठवड्यांत कधी दिसली नव्हती.

हेडक्लार्कांनी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"अरे वा!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "हा तर आपला शिंपीकाका! हुबेहूब! मघाशी मला म्हणतो, चिठ्ठीत चूक आहे. समज बघा माणसाचा! आणि अशांना नुसतं 'तुम्हाला माणसं कळतात' म्हटलं, की लगेच खरं वाटतं. नाही का गं?"

बायकोनं दीर्घ श्वास सोडला.

"शिंपीकाकाच," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं असणार?"

"दाखवा बघू," सासूबाईंनी हात पुढे केला. पण बायकोनं त्याआधीच त्यांचा पाय अलगद उचलून खोक्यावर ठेवला होता, आणि उशी नीट करता करता म्हणत होती, "तू पड आता, आई. कंपनीचे कागद आहेत ते."

हेडक्लार्कांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. लिहावं तर असं, त्यांच्या मनात आलं. लिहिणाऱ्याला माणसं कळतात.