दगडाबाईचा पदर आणि ड्रोनचा स्क्रू

"आज ती पोरगी जेवल्याबिगर गेली, तर नावाची दगडाबाई न्हाई!" दगडाबाईनं चुलीला सांगितलं. चुलीलाच, कारण घरात दुसरं होतं कोण? लेक पुण्याला, नवरा फोटोत. पालमजवळच्या त्या शेतातल्या घरात परवा एक वासरू चुकून शिरलं, तर त्याचाही पाहुणचार झाला!

येणार होती बबिता, तुरीवर ड्रोननं फवारणी करणारी पायलट. अर्धा तास ड्रोनचा नट न् नट तपासायची, वहीत सही करायची, सात मिनिटांत फवारायची आणि पसार! "एक स्क्रू कमी असला तरी उडवायचं न्हाई, आजी. काय झालं तर जबाबदारी माझी," असं तिनंच मागं सांगितलेलं. म्हातारीनं ते बरोबर ध्यानात ठेवलं.

बबिता आली आणि ड्रोन बांधावर ठेवून औषध कालवायला हौदाकडं वळली, तसं दगडाबाईनं ड्रोनच्या पंख्याचा एक स्क्रू फिरवून काढला आणि पदराच्या गाठीत बांधला. मग निवांत आमटी उकळत ठेवली, दोन भाकरी जास्तीच्या थापल्या.

"आजी! स्क्रू न्हाई!"

"जाऊ दे माय. आधी जेवून घे."

"जेवण कसलं घेऊन बसलाव! काल चंद्रभानकाकाच्या रानात उडवलंय. वरून कुणाच्या डोक्यात पडला असंल तर?"

तिनं चंद्रभानला फोन लावला. त्यानं आधी स्वतःचं डोकं चाचपलं, मग चार बाया घेऊन रान धुंडाळायला लागला! इकडं बबिता ढेकळं उलथून दमली आणि बांधावर बसून रडायलाच लागली. "सही माझी हाय, आजी. लायसन जातंय माझं."

दगडाबाईला भडभडून आलं. तिनं गुमान पदर पुढं केला.

"असं का केलंव, आजी?"

"तुझ्यासंगं जेवावं वाटलं गं. एकटीला घास उतरत न्हाई."

बबितानं स्क्रू परत बसवला. तिनं तपासणी पहिल्यापासून केली, तोवर वारं सुटलं आणि फवारणी बोंबलली. चंद्रभानची माफी मागायला ती तशीच उपाशी गेली. जास्तीच्या भाकरी वासरानं खाल्ल्या.

आठ दिवसांनी ती पुन्हा आली. तपासणीच्या यादीत खाली पेनानं एक ओळ वाढवलेली होती: दगडाबाईचा पदर.

"दाखवा गाठ!"

गाठीत नुसती सुपारी निघाली. पण सोडायला चांगली दोन मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ पोरगी अगदी जवळ उभी होती.

तेव्हापासून फवारणीच्या दिवशी दगडाबाई पदराला सात गाठी मारते. पाणी लावून, घट्ट!